नाव यकृताचं, गुण कशाचा?

पावसाळ्यात सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी ती पाहिलेली असते, पण बहुधा शेवाळ समजून तिच्यावर पाय देऊन ते पुढे गेलेले असतात. ओढ्याकाठच्या दगडावर, जुन्या विहिरीच्या आतल्या भिंतीवर, सतत पाणी झिरपणाऱ्या दरडीवर चिकटून पसरलेली हिरवी, चपटी वनस्पती. तिला खरं मूळ नाही, फूल नाही, पाणी वाहून नेणाऱ्या शिरा नाहीत. जमिनीवर आलेल्या अगदी पहिल्या वनस्पतींशी तिचं जवळचं नातं मानलं जातं. इंग्रजीत तिला लिव्हरवर्ट म्हणतात आणि मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत यकृतका. जगात तिच्या सात हजारांहून अधिक जाती आहेत.

यकृताचा आणि ओल्या दगडावरच्या या वनस्पतीचा संबंध काय? ‘वर्ट’ हा जुन्या इंग्रजीतला वनस्पतीसाठीचा शब्द. लॅटिनमध्ये तिचं नाव हिपॅटिका, ग्रीकमधल्या ‘हेपार’ म्हणजे यकृत या शब्दावरून. आपल्या ओळखीचा हिपॅटायटिस त्याच घरातला. या गटातल्या काही जातींचं पानासारखं अंग खाचाखाचांचं, पाळी पाळी असलेलं दिसतं. कसायाच्या दुकानात टांगलेली काळजी ज्यांनी पाहिली होती, त्यांना त्यात यकृत दिसलं. आणि ज्या वनस्पतीत यकृत दिसतं ती यकृताला बरी, असा अर्थ लगेच लावला गेला. निर्मात्यानं प्रत्येक वनस्पतीवर तिच्या उपयोगाची खूण करून ठेवली आहे, हा विचार युरोपात फार जुना. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससनं त्याचा जोरदार पुरस्कार केला आणि इटलीतल्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्तानं १५८८ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथच छापला. पण लिव्हरवर्टला गावोगावच्या सामान्य माणसाच्या घरात नेऊन बसवलं ते एका इंग्रज माणसानं. त्याचं नाव निकोलस कल्पेपर.

कल्पेपरचा जन्म १८ ऑक्टोबर १६१६ चा. वडील धर्मगुरू होते, पण जन्माच्या सुमारासच त्यांचं छत्र हरपलं. आई त्याला घेऊन ससेक्समधल्या इसफील्ड गावी आपल्या वडिलांकडे आली. आजोबा विल्यम ॲटरसोल हेही धर्मगुरू, विद्वान आणि कडक शिस्तीचे. नातवानं लॅटिन शिकावं, केंब्रिजला जावं आणि चर्चमध्ये मानाची जागा मिळवावी, असा त्यांचा बेत. लॅटिन तो उत्तम शिकला. सोळाव्या वर्षी केंब्रिजलाही गेला. पुढचा बेत मात्र फसला.

त्याचं एका श्रीमंत घरातल्या मुलीवर प्रेम होतं. दोघांनी पळून जाऊन लग्न करायचं ठरवलं आणि ठरल्या जागी येताना वाटेत वीज पडून ती मुलगी मरण पावली, अशी हकिकत त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या चरित्रात आहे. त्यात पदरचं किती हे कोण सांगणार? पण पदवी न घेता त्यानं केंब्रिज सोडलं आणि आजोबांच्या मर्जीतून तो उतरला, एवढं खरं. आईनं होते नव्हते ते पैसे भरून त्याला लंडनमध्ये एका अपॉथेकरीच्या हाताखाली उमेदवारीला लावलं. अपॉथेकरी म्हणजे झाडपाला, मुळ्या, क्षार कुटून-गाळून औषधं तयार करणारा आणि विकणारा. हा मालक पैसे बुडवून पळाला. कल्पेपर दुसऱ्या दुकानात गेला, काम शिकला, पण उमेदवारी रीतसर पुरी झाल्याचा शिक्का त्याच्या नावावर कधी बसला नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर तो नोंदणी नसलेला वैद्य होता.

त्या काळच्या लंडनमध्ये वैद्यकाची उतरंड पक्की होती. सर्वांत वर १५१८ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे मोजके डॉक्टर. विद्यापीठात शिकलेले, लॅटिन बोलणारे, भारी शुल्क घेणारे. त्यांच्या खाली अपॉथेकरी. डॉक्टरनं लॅटिनमध्ये लिहून द्यायचं, अपॉथेकरीनं ते बनवून द्यायचं, रोग्यानं पैसे मोजायचे आणि आपल्याला काय दिलं हे कुणाला विचारायचं नाही. औषधं कशी बनवायची याचा अधिकृत ग्रंथ कॉलेजनं १६१८ मध्ये प्रसिद्ध केला होता. तोही अर्थात लॅटिनमध्ये. विल्यम हार्वीनं रक्ताभिसरणाचा क्रांतिकारक शोध १६२८ मध्ये जाहीर केला, तोसुद्धा लॅटिनमध्येच. म्हणजे जुनं ज्ञान कुलुपात होतं आणि नवंही.

१६४० मध्ये कल्पेपरनं ॲलिस फील्डशी लग्न केलं. ती अवघी पंधरा वर्षांची, एका सधन व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या पैशातून स्पिटलफील्ड्स भागात घर झालं आणि तिथेच त्यानं दवाखाना मांडला. ही जागा लंडन शहराच्या वेशीबाहेर होती, हे महत्त्वाचं. शहरातल्या नियमांचा हात तिथे सहज पोचत नव्हता. वस्ती गरिबांची. सकाळच्या वेळात चाळीस-चाळीस रोगी तो तपासत असे. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कुणालाही हा आकडा ओळखीचा वाटेल. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याकडून तो घेत नसे.

त्याची आणखी एक सवय नोंद घेण्याजोगी आहे. त्या काळी बरेच डॉक्टर रोग्याला पाहतही नसत. नोकर बाटलीत लघवी घेऊन येई, डॉक्टर ती उजेडात धरून रंग पाही आणि निदान करी. कल्पेपरनं याची यथेच्छ टिंगल केली. रोग्याला भेटावं, त्याच्याशी बोलावं, त्याला विचारावं, असा त्याचा आग्रह होता. आता हाच माणूस रोगी आजारी पडला त्या क्षणी आकाशातले ग्रह कुठे होते याचीही कुंडली मांडत असे. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखानं नांदत होत्या. त्या शतकात ते नवलाचं नव्हतं, आणि आजही अगदीच दुर्मीळ आहे असं म्हणवत नाही.

१६४२ मध्ये राजा पहिला चार्ल्स आणि संसद यांच्यात यादवी युद्ध सुरू झालं. कल्पेपर राजाच्या विरोधात, संसदेच्या बाजूनं. १६४३ च्या सप्टेंबरमध्ये न्यूबरीच्या लढाईत जखमींवर उपचार करायला तो होता आणि तिथेच त्याच्या छातीला गोळी लागली. जीव वाचला, पण तब्येत पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही.

जानेवारी १६४९ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला. छपाईवरची जुनी बंधनं युद्धाच्या धामधुमीत केव्हाच ढिली झाली होती. त्याच वर्षी कल्पेपरनं कॉलेजचा तो लॅटिन औषधग्रंथ इंग्रजीत आणला, कॉलेजची परवानगी न घेता. आणि नुसतं भाषांतर करून तो थांबला नाही. मूळ ग्रंथात कोणतं औषध कसं बनवायचं एवढंच होतं. कशासाठी द्यायचं, हे नव्हतं. ते डॉक्टरांनी आपल्याकडे राखलं होतं. कल्पेपरनं प्रत्येक औषधापुढे त्याचा उपयोग लिहिला. गोळ्यांच्या पाकिटावर घटकांची नावं असावीत पण गोळी कोणत्या आजाराची हे नसावं आणि मग कुणीतरी ते लिहून टाकावं, तसा हा प्रकार. शिवाय जाता जाता शेरे मारले. कॉलेजच्या यादीत प्राण्यांची विष्ठा आणि माणसाची कवटी यांसारख्या वस्तूही होत्या. त्यांची त्यानं जी रेवडी उडवली, ती आता सगळ्या लंडनला वाचता येत होती.

कॉलेज खवळलं. राजाच्या बाजूच्या वार्तापत्रांनी तो दारूच्या नशेत भाषांतर करतो, असं छापलं. पण पुस्तक खपत राहिलं. १६५१ मध्ये त्यानं सुइणींसाठी पुस्तक लिहिलं. त्याच्या घरी सात मुलं जन्मली आणि त्यातली बहुतेक दगावली, हे लक्षात घेतलं की ते पुस्तक लिहिणाऱ्या माणसाकडे वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. आणि १६५२ मध्ये आलं ते त्याचं सर्वांत गाजलेलं पुस्तक, द इंग्लिश फिजिशियन. इंग्लंडच्या मातीत उगवणाऱ्या वनस्पतींचंच हे पुस्तक. तीन पेन्सच्या खर्चात माणसाला स्वतःवर उपचार करता येतील, असं आश्वासन मुखपृष्ठावरच होतं. परदेशी मसाले आणि दुर्मीळ द्रव्यं गरिबाला परवडत नाहीत. बांधावरचा पाला परवडतो. हे त्याचं साधं गणित होतं.

याच पुस्तकात लिव्हरवर्ट आहे. वर्णन इतकं नेमकं की वनस्पती आजही ओळखता येते. ओलसर सावलीत जमिनीलगत पसरणारी, एकमेकांवर चिकटलेली, कडांना वेडीवाकडी कातरलेली आणि चुरगळल्यासारखी पानं, आणि त्यांतून वर आलेल्या इंच-दोन इंच दांड्यांवर चांदण्यांसारखी फुलं. ही मार्कँशिया. ती फुलं नव्हेत, मादी वनस्पतीच्या प्रजननाच्या छत्र्या आहेत, हे कळायला अजून बराच काळ होता. पण पाहणाऱ्याची नजर चोख होती.

पुढे उपयोग सुरू होतात आणि तिथे नजर संपते. वनस्पती गुरू ग्रहाच्या अमलाखालची, रास कर्क. यकृताच्या सर्व आजारांवर उत्तम. हलक्या बिअरमध्ये ठेचून-उकळून प्यायल्यास यकृताची आणि मूत्रपिंडांची उष्णता शमते, कावीळ जाते, स्त्रियांचं अंगावरून पांढरं जाणं थांबतं, नायटा आणि वाहणारी खरूज पसरायची थांबते. अतिखाण्यानं ज्यांचं यकृत बिघडलं आहे त्यांचं यकृत तर अभेद्य होतं.

यकृताचं औषध नायट्यावर कसं, असं आजच्या वाचकाला वाटेल. त्यामागे गॅलेनची दीड हजार वर्षं चालत आलेली समजूत होती. पोटात पचलेलं अन्न यकृतात जातं आणि तिथे त्याचं रक्त बनतं. ते रक्त शरीरभर जाऊन खर्ची पडतं. म्हणजे यकृत तापलं की रक्त बिघडलं आणि रक्त बिघडलं की ते त्वचेतून बाहेर फुटलं. हार्वीनं तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतं हे दाखवून या समजुतीचा पाया काढून घेतला होता, त्याला तोवर चोवीस वर्षं झाली होती. वरचा इमला तसाच उभा होता. अंगावर पुरळ उठलं की ‘लिव्हरची गरमी’ म्हणणारे आपल्याकडेही भेटतात, त्यांना गॅलेन ठाऊक नसतो इतकंच.

पण कावीळ बरी होत होती, त्याचं काय? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण कल्पेपर खोटारडा नव्हता. त्याच्या दारात आलेले काविळीचे रोगी खरोखरच बरे झालेले त्यानं पाहिले असणार. दूषित पाण्यातून होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पित्तनलिकेत अडकलेला लहान खडा कधी स्वतःच पुढे सरकतो आणि पिवळेपणा उतरतो. त्या दिवसांत रोगी जे काही पीत असेल, त्याला श्रेय मिळतं. यकृत आक्रसलेले किंवा कर्करोग झालेले रोगी मात्र बरे न होता गेले, आणि मेलेला माणूस औषधाविषयी साक्ष द्यायला परत येत नाही. किती आले, किती बरे झाले, औषध न घेतलेल्यांचं काय झालं, हे मांडून पाहायची पद्धतच नव्हती. लंडनच्या मृत्युनोंदींचे आकडे जॉन ग्राँटनं पहिल्यांदा नीट तपासले ते १६६२ मध्ये. रोज सकाळी चाळीस रोगी पाहणाऱ्या कल्पेपरकडे सामग्री होती, हिशेब नव्हता.

लिव्हरवर्टनं फारसं बिघडवलं नसावं. यकृतावरचं औषध म्हणून आजच्या वैद्यकात तिला जागा नाही, एवढंच. पण खुणेवर विसंबण्याची किंमत इतरत्र दिसते. ग्रेटर सेलँडाइन नावाची वनस्पती मोडली की पिवळाधमक चीक येतो. पिवळा चीक, पिवळी कावीळ, खूण लागली. कल्पेपरनंही तिची मुळं पांढऱ्या वाइनमध्ये उकळून काविळीवर सांगितली. हीच वनस्पती पित्ताच्या तक्रारींसाठी युरोपात विसाव्या शतकातही विकली जात होती आणि १९९९ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्यांमध्ये यकृताला तीव्र सूज आल्याचं नोंदवलं. औषध थांबवल्यावर सूज उतरली. यकृतासाठी म्हणून घेतलेला पाला यकृतालाच बाधत होता.

दुसरं उदाहरण त्याच्या घरातलंच आहे. लेसर सेलँडाइन या निराळ्या वनस्पतीच्या मुळाशी गाठींचे झुबके असतात. ते मूळव्याधीच्या मोडांसारखे दिसतात म्हणून ती मूळव्याधीवर, असं सांगताना कल्पेपरनं खुणेच्या सिद्धांताला उघड दाद दिली. आणि याच वनस्पतीनं आपल्या मुलीची गंडमाळा बरी केली, असंही लिहिलं. गाठ फुटली, पू वाहून गेला आणि आठवड्यात व्रण न राहता जखम भरली. इंग्रजीत या आजाराला ‘राजाचा रोग’ म्हणत, कारण राजाच्या स्पर्शानं तो बरा होतो अशी श्रद्धा होती. राजाविरुद्ध लढलेल्या बापानं मुलीला बांधावरचा पाला लावला, यात राजकारणही होतंच.

पण गंडमाळा म्हणजे बहुतेक वेळा मानेतल्या गाठींचा क्षय. तो फुटला तर आठवड्यात व्रणाशिवाय भरून येत नाही, महिनोन्‌महिने वाहतो. तेव्हा मुलीला झालेली गाठ बहुधा साध्या जंतुसंसर्गाची होती, ती फुटली आणि निचरा झाल्यामुळे भरली. खरा क्षय त्या घरात होता, तो बापाच्या छातीत. क्षयाचा जंतू सापडायला १८८२ साल उजाडावं लागलं. खोकणारा बाप आणि त्याची लेकरं यांच्यात काही संबंध असू शकतो, हे त्याला कुणी सांगणारं नव्हतं.

आजारपणात त्यानं लिहिण्याचा वेग वाढवला. पुस्तकाच्या चोरट्या आवृत्त्या निघू लागल्या होत्या, त्यांत चुका भरल्या होत्या, आणि चुकीच्या मात्रेनं माणूस मरू शकतो याची त्याला धास्ती होती. १६५३ मध्ये त्यानं सुधारित, वाढवलेली आवृत्ती काढली आणि खरी प्रत कशी ओळखावी, हेही वाचकांना बजावलं. १० जानेवारी १६५४ रोजी क्षयानं तो गेला. वय अवघं सदतीस. सात मुलांपैकी मेरी ही एकच मुलगी मोठी झाली. ॲलिसकडे उरलं ते छापायचं राहून गेलेल्या हस्तलिखितांचं बाड, आणि लवकरच त्याच्या नावावर त्यानं न लिहिलेलीही पुस्तकं बाजारात आली.

त्याच १६५४ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या फ्रान्सिस ग्लिसननं यकृताच्या रचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानं यकृतातल्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांचा प्रत्यक्ष छेद घेऊन, मागोवा घेऊन अभ्यास केला होता. यकृताला आणि त्यात शिरणाऱ्या वाहिन्यांना वेढणाऱ्या आवरणाला आजही ‘ग्लिसनचं आवरण’ म्हणतात आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला ते पाठ करावं लागतं. काविळीत खरोखर काय होतं, याकडे नेणारा रस्ता त्या ग्रंथातून जात होता. ग्रंथ लॅटिनमध्ये होता. स्पिटलफील्ड्सच्या गल्लीतल्या कुणाच्या तो हाती पडला असता तरी वाचता आला नसता, आणि ज्यानं तो एखाद्या हिवाळ्यात इंग्रजीत उतरवून स्वस्तात विकायला ठेवला असता, तो माणूस वर्षाच्या दहाव्याच दिवशी गेला होता.

कल्पेपरच्या वनौषधींच्या पुस्तकाची छपाई त्यानंतर कधीच फार काळ थांबली नाही. समुद्र ओलांडून ते अमेरिकेतल्या वसाहतींत गेलं आणि १७०८ मध्ये बोस्टनमध्ये छापलं गेलं. आजही ते दुकानात विकत मिळतं. त्यात लिव्हरवर्टचं पान आहे, गुरू ग्रहासकट.